बाईसाहेबांचं फूल आणि माझा डूख

आमच्या कुत्रीच्या केसांना मी खोबरेल तेल लावलं, ही पहिली चूक. लावताना मला ती चूक वाटली नाही, ही दुसरी. उलट वाटीत बोट बुडवताना मी स्वतःवर खूश होतो. रिबीन का ठरत नाही? केस भुरभुरीत म्हणून. मग शाळेत जाणाऱ्या माझ्या बहिणींच्या रिबिनी दिवसभर कशा ठरायच्या? आई त्यांचं डोकं तेलानं चप्प करायची म्हणून. एवढी साधी गोष्ट घरातल्या बायकांना सुचू नये, असं मनात म्हणत मी अर्धी वाटी तेल त्या एवढ्याशा डोक्यात जिरवलं, केस कपाळावरून वर घेतले, रिबीन बांधली आणि शर्ट घालायला वळलो. शेवटचं बटण लावेपर्यंत रिबीन घरंगळत नाकावर आली. तिथून जमिनीवर. तेलकट केसांवर रिबीन ठरत नसते. बहिणींच्या वेण्या होत्या, हा मुद्दा माझ्या हिशेबातून सुटला होता.

आता तेल धुवायचं तर पाणी पाहिजे. आणि आम्ही लातुरात होतो, तेही त्या वर्षी, ज्या वर्षी लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं.

आम्ही मूळ चाकूरकडचे, पण नोकरीची वीस वर्षं नांदेडला गेली. उशाला गोदावरी. तिथं आमच्या बाईसाहेबांची दर रविवारी आंघोळ व्हायची. बाईसाहेब म्हणजे ही कुत्री. खरं नाव लेकीनं ठेवलेलं, ते मला अजून नीट उच्चारता येत नाही. वीतभर उंची, चपटं नाक, आणि केस असे लांब की चालताना पाय दिसायचे नाहीत. माझी बदली लातूरला झाली ती ऐन फाल्गुनात. बदलीचा कागद बघून बायको म्हणाली, "जिल्हा मिळाला नवा, पाणी कुठाय?" लेकीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष, म्हणून ती मावशीकडे नांदेडातच राहिली. निघताना तिनं कुत्री माझ्या हातात दिली आणि दोन गोष्टी बजावल्या. एक, मी येईपर्यंत हिच्या केसांना कात्री लावायची नाही. दोन वर्षं वाढवलेत. दोन, कपाळावरचे केस रोज वर बांधून रिबिनीचं फूल लावायचं, नाहीतर ते डोळ्यांत जातात आणि डोळे खराब होतात. मी 'हो' म्हणालो. बाप लेकीला निरोप देताना कशालाही 'हो' म्हणतो.

तर तेल. तेलावर लातूरची धूळ बसली. चार दिवसांत पांढऱ्या बाईसाहेब तांबूस झाल्या, आठव्या दिवशी त्यांना रंगच उरला नाही.

आमच्या इमारतीत दहा घरं. आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा आणि त्याचं वाटप तळमजल्यावरचे पीटी सर करायचे. म्हणजे शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेले. सडपातळ, ताठ, गळ्यात अजूनही शिट्टी. टँकर आला की शिट्टी वाजायची आणि दहा घरं घागरी, बादल्या, पिंपं घेऊन रांगेत. माणशी किती घागरी ते ठरलेलं. एक तांब्या इकडचा तिकडे होत नसे. त्यांच्या मिसेस पाण्यापायी पुण्याला लेकीकडे जाऊन राहिल्या होत्या, सर एकटेच. सगळ्यांचं भरून झालं की मग शेवटी स्वतःच्या दोन घागरी भरायचे. हे मला तेव्हाही दिसत होतं. पण डूख धरलेल्या माणसाला जे दिसतं ते तो मोजत नाही.

डूख कसा बसला ते सांगतो. एका सकाळी शिट्टी झाली, सगळे रांगेत. रांगेत नेहमीचे दोन विषय चाललेले: पाणी कधीपर्यंत पुरेल, आणि उदगीरचा वेगळा जिल्हा होणार का. तेवढ्यात सर जिन्यातून आले. दोन बोटांच्या चिमटीत आमचं गुलाबी फूल. मेलेला उंदीर धरतात तसं धरलेलं.

"साहेब, हे फूल जिन्यात पडलं होतं. कुणाचं म्हणायचं? वहिनींचं का कुत्रीचं?"

रांग हसली. माझी बायको रांगेतच होती. तीही हसली, हे मी अजून विसरलेलो नाही.

"कुत्रीचं," मी म्हणालो.

"अस्सं. मला वाटलं, तुमच्याकडं पायपुसण्यालाबी रिबीन लावत्यात." आणि त्याच वेळी बाईसाहेब माझ्यामागून जिना उतरून आल्या. डोळ्यांवर केस, अंगभर धूळ. सर म्हणाले, "बघा, पायपुसणं चालून राहिलं."

लातूरकरांना त्या उन्हाळ्यात हसायला फारसं काही नव्हतं. ते मनापासून हसले. मी पण हसलो, दात दाखवून. आणि त्याच दातांखाली ठरवलं की या माणसाचा सूड घेतल्याशिवाय मी हा जिल्हा सोडणार नाही.

सुडाच्या बाबतीत माझा इतिहास फारसा बरा नाही. नांदेडच्या ऑफिसात एक जण माझ्या डब्यातलं लोणचं चोरून खायचा. त्याला धडा शिकवायला मी एक दिवस लोणच्यात मूठभर तिखट मिसळलं, आणि दुपारी कामाच्या नादात स्वतःच खाल्लं. पण डूख धरायला यश लागत नाही.

त्यानंतर प्रत्येक पडलेलं फूल सर घेऊन यायचे. कधी रांगेत, कधी दारावर. "साहेब, तुमचं फूल." मी घ्यायचो, थँक्यू म्हणायचो, आणि दार लावून मनातल्या मनात त्यांची शिट्टी त्यांच्याच घशात कोंबायचो.

मग एकदा रांगेतच विषय निघाला. सर म्हणाले, "साहेब, एक बोलतो, राग धरू नका. माणसाला आंघोळीला पाणी न्हाई. कुत्रीचा गोटा करून टाका. केसच न्हाईत तर धुणं न्हाई, फूल न्हाई, जिन्यात केस न्हाईत. डोळेबी मोकळे."

बोलणं रास्त होतं. म्हणूनच मला जास्त झोंबलं.

मी म्हणालो, "सर, तिला धुवायला तुमच्या टँकरचा थेंब घेणार नाही. आणि केसही कापणार नाही."

"अन् फूल?"

"फूल जागच्या जागी राहील."

"राहिलं न्हाई तर?"

इथं गप्प बसायचं होतं. दहा घरं ऐकत होती. मी म्हणालो, "आजपासून एकदा जरी जिन्यात फूल पडलेलं सापडलं, तर मी स्वतः कात्री आणून देईन. तुमच्या हातात. तुम्हीच गोटा करा."

"अन् कधीपर्यंत हे?"

"लेक येईपर्यंत. जूनपर्यंत."

"आणि न्हाई पडलं तर?"

"तर तुम्ही याच रांगेत सगळ्यांसमोर म्हणायचं, की साहेब, मी हरलो."

"हाव," सर म्हणाले आणि शिट्टी वाजवली. पुढची घागर.

वर आल्यावर बायको म्हणाली, "पोरीनं कापू नका म्हणून सांगितलेलं, अन् तुम्ही तेच केस गहाण ठेवून आलात."

"फूल पडणारच नाही."

"मग बांधा. मी हात लावणार न्हाई. शब्द तुमचा हाय."

पहिलं काम तेल काढायचं. पाण्याविना. ते मात्र बायकोनंच सुचवलं, कारण सोफ्यावर डाग पडायला लागले होते. ज्वारीचं पीठ चाळलं की चाळणीत जो कोंडा उरतो, तो बाईसाहेबांच्या अंगाला चोळायचा, तेल ओढून घेतो, मग विंचरून झटकायचा. तीन दिवस मी गच्चीवर बसून कोंडा चोळत होतो. सर कपडे वाळत घालायला आले. बघत उभे राहिले. म्हणाले, "बाईसाहेबांच्या डोक्यात लई कोंडा झालाय, साहेब."

"आम्हीच घातलाय," मी म्हणालो. हसू मला पण आलं होतं. मी ते गिळलं. शत्रूच्या विनोदाला हसायचं नसतं.

बाईसाहेब पुन्हा पांढऱ्या झाल्या. जरा भाकरीचा वास यायचा, एवढंच. आता फूल. फायलींना लावायचं रबर लावलं, ते केस तोडत निघालं. लेकीच्या जुन्या क्लिपा लावल्या, बाईसाहेबांनी पंजानं काढून चघळल्या. शिवायच्या दोऱ्यानं बांधलं, तासाभरात सुटलं. या सगळ्या काळात मी त्यांना घराबाहेर सोडलंच नाही. दार उघडायच्या आधी फूल चाचपायचं, बाहेर न्यायचं ते कडेवर घेऊन, एक हात त्यांच्या डोक्यावर. शेजारच्या काकू बायकोला म्हणाल्या, "साहेब कुत्रीला आशीर्वाद देत फिरत्यात का?"

शेवटी मी गावी थोरल्या भावाला फोन केला. तो शेतकरी, जनावरांतला माणूस. पोळ्याला बैलांच्या शिंगांना गोंडे बांधण्यात त्याचा हात कुणी धरायचं नाही.

"दादा, गोंडा शिंगावरून घसरू नये म्हणून काय करतोस?"

"पोळा लई लांब हाय की रे. कुणाचा बैल?"

"शेजाऱ्याचा."

"लातुरात? फ्लॅटात?"

मी खरं सांगितलं. त्याचे स्वतःचे बैल त्या दिवसांत चारा छावणीत होते. मला वाटलं, आता शिव्या बसतात. पण तो म्हणाला, "ऐक. गुळगुळीतावर दोरी ठरत न्हाई, मग ते शिंग असू दे का केस. आधी कोरडी सुती चिंधी गुंडाळायची. चिंधी धरते शिंगाला, दोरी धरते चिंधीला. अन् गाठ सुरगाठ मारायची, ओढली की सुटणारी. जनावराच्या अंगावर निरगाठ मारायची न्हाई कधी. कुठं अडकलं, दुखलं, तर त्याला सांगता येत न्हाई. आपल्याला एका हिसड्यात सोडता आली पाहिजे."

जुन्या धोतराची दोन बोटं रुंद चिंधी काढली. बाईसाहेबांच्या कपाळावरचे केस वर घेतले, मुळाशी सैल ठेवून चिंधीचे दोन वेढे, त्यावर बारीक दोरा, सुरगाठ, आणि सगळ्यात वर रिबिनीचं फूल. बाईसाहेबांनी डोकं झटकलं. फूल जागेवर. सोफ्याखाली शिरून आल्या. जागेवर. जिना चढल्या, उतरल्या. जागेवर.

त्यानंतरचे सहा आठवडे माझ्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. शिट्टी वाजली की मी घागरी बायकोकडे द्यायचो आणि बाईसाहेबांना घेऊन खाली यायचो. सरांच्या समोरून एक फेरी, मागून एक फेरी. दर टँकरला वेगळ्या रंगाचं फूल. सर बघायचे. मी विचारायचो, "काय सर, जिन्यात काही सापडलं का?" ते म्हणायचे, "न्हाई." त्या 'न्हाई'वर माझं जेवण जास्त जायचं. लेकीला रोज फोटो जायचा. पण खरं सांगायचं तर तो फोटो मी लेकीसाठी काढत नव्हतो. आज एक दिवस जिंकला, याची ती पावती होती. कुत्री, केस, लेक सगळं मागे पडलं होतं. मला फक्त ते तीन शब्द ऐकायचे होते, दहा घरांसमोर. साहेब, मी हरलो. ऑफिसात कागदांवर सह्या करतानाही मी ते सरांच्या आवाजात ऐकायचो.

लेक रविवारी दुपारच्या नांदेडच्या बसनं येणार होती. आणि टँकरही रविवारी सकाळीच. असा योग कुणी मागूनही मिळत नाही. शनिवारी सकाळी मी लाल साटिनचं मोठं फूल आणलं. जड होतं. मनात आलं, सहा आठवडे काढले आणि शेवटच्या दिवशी सुरगाठ सुटली तर? सर मग आयुष्यभर ते फूल चिमटीत धरून फिरतील. म्हणून मी मुळाशी ओढून चिंधी गुंडाळली, मेणाचा दोरा घेतला आणि निरगाठ मारली. एकीवर दुसरी. भावाचं बोलणं आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. मी मनातल्या मनात त्याला म्हटलं, एकच दिवस.

दिवसभर बाईसाहेब डोकं सोफ्याच्या पायाला घासत होत्या. खाल्लं नाही. बायको म्हणाली, "मला घट्ट वाटून राहिलंय."

"उद्या दुपारपर्यंत."

संध्याकाळी जिन्यात सर भेटले. बाईसाहेबांकडे बघून थांबले. "साहेब, डोळे वर ओढलेत तिचे. लई ताणलंय. जरा सैल करा."

मी म्हणालो, "तुम्हाला सैलच पाहिजे ना, सर?"

सर खाली गेले.

रविवारी सकाळी मी बाईसाहेबांना उचलायला गेलो तर त्या ओरडल्या. कधी ओरडायच्या नाहीत. केसांच्या मुळाशी कातडी लाल होऊन सुजली होती आणि चिंधी त्या सुजेत रुतली होती. गाठ दिसतच नव्हती. मी नखानं शोधायला गेलो, त्या पुन्हा ओरडल्या. बायकोनं कपडे बेतायची मोठी कात्री आणली. तिचं टोक बघून मी ती बाजूला ठेवली. आणि खाली शिट्टी वाजली. टँकर आला.

बायकोनं दार उघडलं आणि जिन्यातून हाक मारली, "सर, जरा वर या हो. लवकर."

"सरांना कशाला?" मी म्हणालो. अशा वेळीसुद्धा.

सर वर आले. एक नजर टाकली, परत खाली गेले आणि शाळेतली प्रथमोपचाराची पेटी घेऊन आले. तिच्यात पट्टी कापायची बोथट टोकाची कात्री होती. त्यांनी बाईसाहेबांना मांडीवर घेतलं, मला म्हणाले, "तुम्ही डोकं धरा, माझ्याकडं बघू नका, तिच्याशी बोला." मी काय बोललो आठवत नाही. बायको आमच्या घागरी घेऊन रांगेत गेली होती; खालून गलका येत होता, बादल्यांचे आवाज. ते केसाकेसानं कापत होते. घाई नाही. दोन वर्षांचा तो सगळा झुबका, चिंधी, दोरा आणि लाल फूल एकत्र त्यांच्या हातात आलं. मग ओल्या फडक्यानं जागा पुसली, मलम लावलं, आणखी थोडे केस भोवतीनं कापले, कारण मलम केसांत जात होतं. केव्हातरी खालून टँकर निघून गेल्याचा आवाज आला. बाईसाहेब त्यांच्या मांडीवर झोपल्या होत्या.

सरांनी फूल टेबलावर ठेवलं. म्हणाले, "साहेब, फूल पडलं न्हाई. मी हरलो."

त्यांच्या आवाजात मी कुठंतरी टोमणा शोधला. अजून शोधतोय. सहा आठवडे ज्या शब्दांसाठी जगलो ते मिळाले, तेव्हा समोर दहा घरं नव्हती, नुसती अर्धी भादरलेली कुत्री होती. हे सरांनी मुद्दाम केलं असणार, असं मला वाटलं. चांगुलपणानं सूड उगवणारी माणसं असतात. माझा डूख उतरायच्या ऐवजी वर चढला.

दुपारी लेक आली. बॅग दारात टाकून तिनं कुत्रीला उचललं आणि तशीच थांबली.

"पप्पा, हे कुणी कापलं?"

मी म्हणालो, "खालच्या पीटी सरांनी."

वाक्य खरं होतं. एक अक्षर खोटं नव्हतं. लेकीनं पुढं ऐकलंच नाही. कुत्रीला घेऊन तरातरा जिना उतरली. मी कठड्याशी जाऊन उभा राहिलो. बायको आत स्वयंपाकघरात होती.

"काका, हिचे केस तुम्ही कापले?"

"हाव बेटा. मीच कापले."

"का? कुणाला विचारून? मी दोन वर्षं..."

आता सर सांगतील, मी वाट बघत होतो. तुझ्या बापानं निरगाठ मारली, मी काल सांगत होतो. सांगू देत. म्हणजे निदान आमचं भांडण तरी समोरासमोर होईल.

"ऊन लई हाय ना बेटा," सर म्हणाले. "येतील परत. केसच ते."

लेक आणखी काही बोलली, रडत. सर 'हाव, हाव, चुकलं माझं' एवढंच म्हणत होते. मी कठड्याला धरून उभा होतो. माझा सूड पुरा झाला होता. शत्रू खाली उभा राहून माझ्या चुकीची माफी मागत होता, आणि मी पुढं होऊन एक शब्द बोललो नाही.

मागून बायको पदराला हात पुसत आली. ऐकलं तिनं. मला बाजूला सारून ती खाली गेली आणि जिन्यातच उभं राहून लेकीला सगळं सांगितलं: तेल, पैज, मेणाचा दोरा, सगळं. माझी बाजू मी मांडली असती तर एवढी सविस्तर मांडली नसती. लेक सरांच्या पाया पडली. वर आल्यावर कुत्रीला घेऊन माझ्यासमोरून आतल्या खोलीत गेली.

मी खुर्चीत बसलो होतो. बायको आमच्या भरलेल्या घागरींपैकी दोन उचलून माझ्यासमोर आणून ठेवत म्हणाली, "सूड घेऊन झाला असंल तर उठा. सकाळी आपल्याकडं होते म्हणून सरांचं पाणी भरायचं राहिलं. ह्या दोन खाली ठेवून या, अन् सांडू नका."